अप्पांचं पिवळं फडकं

माझे वडील, म्हणजे अप्पा, कुठलंही कार्ड हातात आलं की आधी पुसतात. मऊ पिवळ्या कापडाचा तुकडा त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम चुरगळलेला असतो. तो काढायचा, कार्डावरून दोनदा फिरवायचा आणि परत खिशात कोंबायचा. माझं सगळं लहानपण त्या फडक्याच्या धाकात गेलं. "बोटं उमटवू नकोस" हे वाक्य मी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल.

आमचा धंदा दारं उघडणाऱ्या कार्डांचा. घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत अप्पा ती कार्डं आणि ती वाचणारे रीडर तयार करतात, आणि मी फिल्म कापून कार्डं चिकटवते. कार्ड दिसायला साधं काळं प्लास्टिक. पण त्याच्या पोटात बारीक खिडक्यांची एक रांग असते. आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड त्या काळ्या प्लास्टिकमधून आरपार जातो. ज्या खिडक्या कार्बनच्या शाईने बुजवलेल्या असतात, तिथे मात्र अडतो. रीडरमध्ये एका बाजूला दिवे, दुसऱ्या बाजूला तो उजेड टिपणारे डोळे. कोणत्या खिडक्या उघड्या आणि कोणत्या बंद, यावरून माणसाचा नंबर कळतो. हिरवा दिवा लागला तर आत, तांबडा लागला तर बाहेर. अप्पांचं अर्धं आयुष्य या रीडरपायी गेलं. "यापेक्षा सवत परवडली असती," असं आई म्हणायची. ती गेली, पण सवत अजून ठणठणीत होती.

पहिली मोठी ऑर्डर आली ती माझ्या नवऱ्यामुळे. मोटरीत बसवायचे कार्बनचे ब्रश करणाऱ्या कारखान्यात तो प्रेसवर काम करतो. त्यानेच तिथे अप्पांचं नाव सुचवलं. साहेबांनी एका फाटकावर रीडर लावून घेतला. नीट चालला तर सगळ्या फाटकांवर लावणार होते. अप्पा इतके खूश होते की जावयाला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. साखर घालायला विसरले, ती गोष्ट वेगळी.

आणि नेमकं जावयाचंच कार्ड चालेना. रोज सकाळी तांबडा दिवा. प्रेस खात्यातल्या इतरांचीही अधूनमधून तीच गत व्हायची. ते गुपचूप पुढच्या माणसाच्या पाठोपाठ आत सटकायचे आणि तोंडातून ब्र काढायचे नाहीत. पहिले काही दिवस हाही तसाच शिरला. मग आमच्या हरिश्चंद्राला राहवलं नाही, आणि तो सरळ साहेबांकडे तक्रार घेऊन गेला. साहेबांनी फाटकाची नोंद काढली, तर कित्येक दिवस हा कामावर आलेलाच नाही!

"मग इतके दिवस आत कसा शिरलास? का शिरलाच नाहीस?"

अप्पांना बोलावणं गेलं. त्यांनी फाटकापाशी कार्ड घेतलं, पुसलं, फटीत सरकवलं. हिरवा दिवा. आपला रीडर चोख आहे म्हणून त्यांना हायसं वाटलं, आणि माझ्या नवऱ्यावर खोटारडेपणाचा शिक्का बसला. सोमवारी सगळ्यांसमोर पुन्हा तपासू, तेव्हाही कार्ड चाललं तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं, असं साहेबांनी त्याला बजावलं.

तो दोन दिवस नीट जेवला नाही. "तुला तरी पटतंय ना, मी रोज जात होतो?" असं त्याने मला विचारलं.

रविवारी मी कपडे धुवायला काढले. अप्पांच्या शर्टाच्या खिशात ते फडकं राहिलं होतं. त्यावर चमकदार काळपट डाग होता. कितीही चोळला तरी हटेना. या डागाशी माझी जुनी ओळख. नवऱ्याच्या कॉलरशी, बाह्यांशी, उशीच्या अभ्र्याशी मी याच डागापायी लग्न झाल्यापासून झुंजते आहे. प्रेस खात्यात साच्यात दाबतात ती कार्बनची भुकटी. मी हातातलं बादलीत टाकलं आणि ओल्या हातांनीच खाली धावले.

"अप्पा, यांचं कार्ड तुम्ही पुसलंत आणि मग ते चाललं!"

"हो. मग?"

नवऱ्याला हाक मारली. त्याचं कार्ड खिशातून आलं तसंच टेबलावरच्या रीडरमध्ये घातलं. तांबडा दिवा. मी ते कोरड्या फडक्याने पुसलं. हिरवा. त्याला त्याच्या कामाच्या कपड्यांवर बोटं घासून पुन्हा धरायला लावलं. तांबडा. काळ्यावर काळं, आपल्याला काहीच दिसत नव्हतं. पण भुकटीने खिडक्या बुजत होत्या.

अप्पा खुर्चीत बसले. "इतकी वर्षं मी पुसलेलीच कार्डं तपासत आलो," ते हळूच म्हणाले. मला त्यांची फार दया आली.

"फटीच्या तोंडाशी छोटा ब्रश बसवला तर जमेल," मग स्वतःशीच पुटपुटले. "पण साहेब थांबतील का? उद्याच निर्णय घेणार आहेत."

"तुम्ही सांगाल ना त्यांना?"

"सांगायलाच हवं. जावयाच्या पोटावर पाय देऊ का मी?"

नवऱ्याने त्यांच्या पायांना हात लावला. त्या दिवशी तो पोटभर जेवला. अप्पा मात्र ताट चिवडत बसले होते.

सोमवारी मी अवजारांची पिशवी घेऊन अप्पांबरोबर फाटकावर गेले. नवरा प्रेसवरून तसाच आला, हात न धुता. कार्ड त्याने दोन बोटांत अलगद धरलं होतं.

"तुमचं यंत्र आहे, तुम्हीच घाला," साहेब म्हणाले.

अप्पांनी कार्ड घेतलं. त्यांचा दुसरा हात खिशाकडे गेला.

"अप्पा, पुसू नका!" मी ओरडले.

फडकं तोवर दोनदा फिरलं होतं. हिरवा दिवा लागला.

"साहेब, प्रेस खात्यातलं दुसरं कुणाचंही कार्ड न पुसता घालून बघा," मी म्हणाले. "हात जोडते."

"बायको नवऱ्याचीच बाजू घेणार," साहेब हसले. मग अप्पांकडे वळले. "तुमचं काय म्हणणं? गरज आहे?"

सगळे अप्पांकडे बघत होते. नवराही, अगदी विश्वासाने.

"रीडर बरोबर आहे, साहेब," अप्पा म्हणाले.

नवरा स्वतःच्या काळ्या हातांकडे बघत उभा राहिला. आता सगळ्या फाटकांवर अप्पांचे रीडर आहेत. फटीच्या तोंडाशी ब्रश आहे, आणि ते अगदी झकास चालतात. नवरा घरी असतो. अप्पांनी खालून हाक मारली तरी उतरत नाही.

हात सवयीने गेला, साहेबांसमोर जीभ अडखळली, असं अप्पा अजून मला सांगतात. असेलही. पुसणं मी माफ केलं असतं, तोंडून निघालेलं ते वाक्यसुद्धा कदाचित गिळलं असतं. पण जन्मभर फडकं चुरगळून खिशात कोंबणाऱ्या माझ्या बापाने त्या दिवशी काळी बाजू आत घेतली, त्याची नीट घडी घातली आणि मगच ते खिशात ठेवलं.