सतरंजीवरची माणसे

अर्थशास्त्राच्या व्याख्यानातून ते साडेसहाला उठले. दुसऱ्या दिवशी, कायद्याच्या व्याख्यानातून, सव्वासातला. तिसऱ्या दिवशी, संगीताच्या, आठला. त्यानंतरचे विषय राजकारण, इतिहास आणि श्रद्धा हे होते. त्या तिन्ही दिवशी ते साडेआठपर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, बसून राहिले.

ते म्हणजे धरमतर खाडीकाठच्या खारेपाटातल्या, खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एका गावातून टेंपोने पेणला येणारी तीस-बत्तीस माणसे. खुर्च्यांच्या मागे स्वतःची सतरंजी अंथरून ती बसत आणि उठताना सगळी एकदम उठत. रोह्याहून आलेले अर्थशास्त्राचे प्राध्यापक पहिल्या दिवशी वाक्याच्या मध्यावर थांबले, ते याच कारणाने.

व्याख्यानमालेचे कार्यवाह कमळाकर हे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. या गावाला आमंत्रण द्यायला ते स्वतः गेले होते, म्हणून तो अपमान त्यांना आपला वाटला. त्यांनी उठण्याच्या वेळा वहीत टिपल्या.

"सर, त्यांना एकदा विचारू या का?" समितीतल्या मृणालीने सुचवले होते.

"विचारलं की माणसं सोयीचं सांगतात, मृणाली. आकडे तसं करत नाहीत."

चैत्री पौर्णिमेला समारोप झाला. आभार मानताना कमळाकरांनी खिशातून वही काढली आणि तिच्यातली ओळ वाचली.

"आमच्या खारेपाटाला अर्थशास्त्र अर्धा तास पचतं," ते म्हणाले, "कायदा सव्वा तास, गाणं दोन तास. राजकारण, लढाया आणि देव म्हटलं की मात्र घड्याळच बंद पडतं."

सभागृह हसले. सतरंजीवरचेही दोघे-तिघे हसले, मग शेजारच्यांकडे बघून थांबले. कान्हू म्हात्रे उभा राहिला. तो कमळाकरांचा जुना विद्यार्थी, माणसे जमवून आणणारा तोच. तो काही बोलणार असे वाटले. त्याने नमस्कार केला आणि सर्वांना घेऊन तो निघाला. सतरंजी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमळाकर ती सतरंजी घेऊन एसटीने गावात गेले. घरे बंद होती. माणसे खाडीच्या बांधावर आहेत, असे कोणीतरी सांगितले.

बांधाच्या अलीकडच्या टोकाला दोन बाया चिखलाची घमेली वाहत होत्या. एक कान्हूची आई जनी, दुसरी शेजारीण.

"हौसा, बघ गो, आपली सतरंजी चालत आली!" जनी म्हणाली, आणि मग सतरंजीमागचा माणूस ओळखून तिने पदर सावरला. "गुरुजी, येवढ्या उन्हात? कान्हूला सांगावा धाडायचा व्हता."

"कान्हू कुठे आहे?"

"निजलाय. रातभर हितंच व्हता."

कमळाकरांनी बांधाकडे पाहिले. दोन्ही बाजूंना गवत होते. मधल्या वीसेक हातांवर नव्हते. तिथला चिखल काळा आणि ओला होता.

"बांध फुटला होता?"

"व्हय. अवसेच्या उधाणाला खांड पडली. खारं पानी शेतात गेलं तर तीन वरसं भात नाय. म्हनून भरतीच्या आधी घरटी एक मानूस हितं हजर. दिवसाची भरती असो, रातीची असो."

"आणि व्याख्यानाला येत होते ते?"

"तेच. म्हातारी मानसं वरडली, हितं खांड पडलीय नि तुमाला भाषनं सुचतात? कान्हू म्हनला, सर सोता येऊन बोलावून गेलेत. भरतीला तास ऱ्हायला की उठायचं. अर्धा तास गावला तर अर्धा तास आयकायचं."

कमळाकरांनी सतरंजी या हातातून त्या हातात घेतली.

"दशमीला, म्हणजे पहिल्या व्याख्यानाच्या दिवशी, संध्याकाळी भरती किती वाजता होती?"

"तिथीला तिनानी गुनायचं, चारानी भागायचं. साडेसात."

"कोनाला शिकवतेस गो!" हौसा हसली. "चंद्र नि पानी कान्हूला शाळेत यांनीच शिकवलंय."

हे खरे होते. आठवीच्या वर्गात, फळ्यावर दोन वर्तुळे काढून. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, हे वाक्य ते दरवर्षी दोनदा लिहून घेत.

"काल मग तो बोलला का नाही?"

जनीने घमेले खाली ठेवले. "भरसभेत गुरुजीला खोटा पाडायचा?"

"फार रागावलाय का?" कमळाकरांनी विचारले.

"रागावला नाय तो," ती म्हणाली. "म्हनला, चूक आपलीच. उठताना सांगायला पायजे व्हतं."

सतरंजी तिच्या हाती द्यायची, तर तिचे हात चिखलाचे होते. कोरडी जागा शोधून कमळाकरांनी ती स्वतःच ठेवली. कान्हूला उठवू का, असे जनीने विचारले. ते नको म्हणाले, आणि का नको म्हणालो हे त्यांना लगेच कळले: कान्हूसमोर उभे राहायची त्यांना लाज वाटत होती.

एसटीच्या थांब्यावर त्यांनी वही उघडली. दशमी, साडेसात. एकादशी, सव्वाआठ. द्वादशी, नऊ. तिन्ही वेळा उठण्याच्या वेळेहून बरोबर एक तास पुढे. त्रयोदशीची भरती पावणेदहाची. म्हणजे उठायची वेळ पावणेनऊ. व्याख्यान साडेआठलाच संपले होते. पुढच्या दोन दिवशी भरती आणखी उशिराची. विषयांचा कुठेच संबंध नव्हता.

सभेत वाचलेली ओळ त्यांनी खोडली नाही. ती तशीच राहू दिली आणि तिच्याखाली लिहिले:

कारण: भरती. मी विचारले नाही.