भरलेला हात

“हात ढिला सोड, तंगी! हात हाय का लाकूड हाय?”

तिप्पण्णा बळेगार, म्हणजे कानडीतला कासार, मान वर न करता समोरच्या बाईवर खेकसला. तिचा पंजा त्यानं दोन्ही तळव्यांत धरून असा दाबला, की काचेची बांगडी सांध्यावरून अलगद मनगटात उतरली.

“एवढं खेकसल्यावर काय बिशाद हाय बांगडीची! मुकाट आत जातीया,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि दुकानातल्या बायका फिसकन हसल्या.

दुकान कसलं, चार बांबू, वर तरट आणि खाली सतरंजी. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी गड्ड्याची यात्रा भरली, की तिप्पण्णा आपली पेटी घेऊन तिथे बसायचा. त्याचं तोंड कडू, हे अख्ख्या सोलापुराला ठाऊक होतं. पण त्याच्या हातून बांगडी पिचत नसे, ओरखडा उठत नसे. म्हणून बायका बोलणी खायची तयारी ठेवूनच येत. मानमोडीच्या साथीत त्याची बायको गेली आणि तेव्हापासून तो असा झाला, असं लोक म्हणत. त्यात तथ्य नव्हतं. तो आधीही काही फार गोड नव्हता.

बापानं धंदा शिकवताना त्याला दोन गोष्टी बजावल्या होत्या. बळेगारानं हात बघायचा, तोंड बघायचं नाही. आणि परक्या बाईचा हात धरायचा, तर आधी नातं जोडायचं. थोरली असेल तर अव्वा म्हणायचं आणि धाकटी असेल तर तंगी, म्हणजे आपल्या मराठीतली बहीण. तिप्पण्णानं दोन्ही गोष्टी इतक्या पाळल्या होत्या, की गावातल्या शेकडो बायका तो मनगटावरून ओळखायचा आणि रस्त्यात समोरून आल्या तर ओळख न देता निघून जायचा. त्या त्याला शिष्ट म्हणायच्या.

“कुणाचा नंबर?” त्यानं विचारलं.

“आमच्या गुरम्माचा.” मघाशी टोमणा मारणारा आवाज तोच होता. सहा-सात वर्षांच्या पोरीचा चिमुकला हात पुढे आला. “आमी करमाळ्याचं. यात्रा बघाया आलोय. बळेगार, ह्या तळ्यात मगरी हायत म्हणं?”

“असतील.”

“तुमी बघितल्या न्हाईत? जन्म हितंच गेला न्हवं?”

“मी बांगड्या विकतो. मगरी न्हाय.”

“आनि सकाळच्या पारी त्यो गिरणीचा भोंगा वाजला, तवा मला वाटलं यात्रंत हत्ती आलाय. पळत भाईर आले मी! समदी हसली की!”

तिप्पण्णाला हसू आलं. ते लपवायला त्यानं पोरीला “हलू नगंस” म्हणून दटावलं. ती मुळीच हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तीच पोर आणि तोच आवाज पुन्हा हजर. एक बांगडी पिचली होती. तिसऱ्या दिवशी आणखी एक.

“ही पोर हाय का वांदर?”

“आईच म्हनली,” गुरम्मानं सांगून टाकलं, “झाडाला हात आपट, पिचली तर पिचली. परत जाऊ.”

आवाज एकदम बंद झाला. मग आईनं घाईघाईनं फडक्यातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढून सतरंजीवर ठेवली. “लई बोलती ही कार्टी. हे घ्या. संक्रांत जवळ आली, तिळगूळ खाल्ल्याबिगर तुमी गोड बोलनार न्हाई, तवर तिखटच खावा.”

“मी मागितली न्हवती.”

“मागणारं तोंड हाय का तुमचं?”

तिप्पण्णानं दुपारी ती भाकरी मोडून मोडून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. शेजारचा खेळणीवाला टकामका बघत होता, त्याच्यावर विनाकारण डाफरला. संध्याकाळी पेटी आवरताना त्याच्या ध्यानात आलं, की ह्या करमाळेकरणीला आपण एकदाही तंगी म्हटलेलं नाही. का म्हटलं नाही याचा त्यानं विचार केला, आणि उत्तर सापडल्यावर तो घाबरला. चाळिशीच्या माणसानं घाबरावं असंच ते उत्तर होतं. ही कुणाची तरी बायको असणार. आपण तिचा चेहराही पाहिलेला नाही. उद्या आली की पहिला शब्द तंगी म्हणायचा, असं त्यानं ठरवलं.

उद्याचा दिवस होता अक्षता सोहळ्याचा. देवाचं लग्न. पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या घातलेले लोक, आभाळाला टेकलेले नंदीध्वज, आणि अक्षता टाकून परतणारा बायकांचा लोंढा बांगड्यांच्या दुकानांवर. तिप्पण्णापुढे हातच हात. तो एक हात भरायचा, सोडायचा, दुसरा धरायचा. ऊन डोक्यावर आलं आणि गर्दीतून गुरम्माची ओळखीची किणकिण ऐकू आली. पोर आईच्या मांडीवर बसली होती आणि तिच्या कोपराखालून आईचा हात पुढे आला होता. पोरीला सावरायला आलेला हात होता तो. तळव्याला दोन-चार अक्षता चिकटलेल्या होत्या.

तिप्पण्णाला वाटलं, आज हिची पाळी. आज ही स्वतःसाठी आली.

त्यानं तो हात धरला. मनगट मोकळं होतं, पण नव्या बांगड्या भरायला पुष्कळ बायका जुन्या उतरवूनच येत. तंगी म्हणायचं राहूनच गेलं. कुठल्या दाखवू, केवढ्याच्या देऊ, हे त्यानं विचारलं नाही. पेटीच्या तळाशी गर्द हिरव्या, सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्या होत्या, त्या काढल्या. हात लोण्यासारखा ढिला पडला होता. एकेक बांगडी चढत गेली. सदा बडबडणारा आवाज आज गप्प का, हे त्याला उजवा हात भरून झाल्यावर जाणवलं.

“दुसरा हात,” तो म्हणाला.

दुसरा हात आला नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिप्पण्णानं गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहिलं. गोल, सावळा, हसायला केलेला चेहरा. कपाळावर विभूतीचे पट्टे. आणि कुंकू नाही.

बापाचा धडा पाळून पाळून त्यानं एका विधवेचा हात हिरवा केला होता.

“अगं बया! दाक्षायणी!” मागं उभ्या असलेल्या तिच्या जावेनं किंकाळी फोडली. “काय केलंस हे! देवाच्या दारात!”

गर्दी जमायला वेळ लागला नाही. दाक्षायणीचा थोरला दीर शिवयोगी, करमाळ्यातला किराणा दुकानदार, माणसं बाजूला सारत आला. माणूस वाईट नव्हता. पण चारचौघांत पगडी उडाल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

“बळेगार, डोळं फुटलं व्हतं का? फोडा त्या बांगड्या. आत्ताच्या आत्ता.”

“मी भरतो,” तिप्पण्णा म्हणाला. “फोडायचं काम बळेगाराचं न्हाय.”

“मग मी फोडतो.” शिवयोगीनं खाली वाकून दगड उचलला. दाक्षायणीनं हात पदराखाली घेतला. एकदा फुटल्या होत्या तिच्या बांगड्या, दाराच्या उंबऱ्यावर, आणि त्या वेळी हात पदराखाली घ्यायचीही शुद्ध नव्हती. आता होती.

तिप्पण्णा उभा राहिला. त्याचा आवाज नेहमीपेक्षाही खरखरीत निघाला.

“दगड टाका. मी बी लिंगायत, तुमी बी लिंगायत. आपल्यात उडकी चालती. विधवेचं दुसरं लगीन काय पाप न्हाय. मी एकटाच हाय. मी भरल्यात, मीच निस्तरतो.”

निस्तरतो! लग्नाची मागणी घालताना हा शब्द त्याच्या तोंडी आला. बघ्यांतला एक जण खो खो हसला. आणि आश्चर्य म्हणजे पदराखाली हात धरून बसलेली दाक्षायणीही हसली. डोळ्यांत पाणी होतं तरी हसली.

शिवयोगीनं दगड टाकला. मग शांतपणे म्हणाला, “करा की. रीत हाय, मी आडवा येनार न्हाई. पण पोरगी माझ्या भावाची. ती आमच्यात ऱ्हाईल. उडकीला निघाल्याली बाई पोर घिऊन जात न्हाई, ही बी रीतच हाय.”

गुरम्मा आईच्या बांगड्या मोजत होती आणि तिला त्या फार आवडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाक्षायणी आली. सोबत फक्त पोर. यात्रा अजून जागी व्हायची होती. मंडळी स्टेशनवर निघाली होती आणि दिरानंच तिला पाठवलं होतं, काय ते सांगून ये म्हणून. ती नेहमीच्या जागी बसली आणि हिरवा हात तिनं पुढे केला.

“उतरवा ह्या. पन फुटू देऊ नगा. एक बी.”

तिप्पण्णानं तांब्यातलं पाणी घेतलं, साबण घेतला. काल ज्या हातांनी चढवल्या, त्याच हातांनी तो एकेक बांगडी उतरवू लागला. उतरवणं चढवण्यापेक्षा अवघड असतं. घाई करून चालत नाही, आणि त्याला घाई नव्हतीच.

“काल मी हात का न्हाई मागं घेतला, ईचारा की,” ती म्हणाली.

“का?”

“पैल्या बांगडीला वाटलं, तुमी आता वर बघाल आनि थांबाल. दुसरीला वाटलं, थांबू नगा.” तिनं पोरीला जवळ ओढलं. “काल राच्चं निजताना हात उशाला घिऊन निजले. किणकिण ऐकत.”

तिप्पण्णाच्या बोटांतला साबण निसटला. तो म्हणाला, “पोरीला मी पोटच्यावानी—”

“तुमच्या-माझ्या हातात न्हाई ते.” मग तिचा मूळ स्वभाव जागा झाला. “पन काय हो, निस्तरतो म्हनून कुनी मागनी घालतं व्हय? जरा चांगलं ईचारलं असतंत तर...”

“तर?”

“तरी न्हाईच म्हनले असते. पन चांगलं ऐकाया मिळालं असतं.”

शेवटची बांगडी उतरली. तिप्पण्णानं हात सोडला नाही. काहीतरी गोड बोलायला हवं होतं, आणि उभ्या जन्मात त्याची सवय केलेली नव्हती. घसा खाकरून तो म्हणाला, “ह्या हाताला हिरवं शोभतं, दाक्षायणी.”

“बगा, आलं की बोलाया,” ती म्हणाली, आणि हात काढून घेऊन पदरानं पुसत उठली. पोरीचं बोट धरून ती तळ्याच्या कडेनं निघाली. जाताना पोरीला सांगत होती, की मगरी नाहीतच, बळेगारानं उगाच भीती घातली. ते ऐकू येईनासं होईपर्यंत तिप्पण्णा तसाच बसून होता. मग त्यानं बांगड्या एका फडक्यात गुंडाळल्या आणि पेटीच्या तळाशी ठेवल्या.

पुढे वर्षं गेली. गावात गोळीबार झाला, लष्करी कायदा आला आणि गेला. तिप्पण्णाचे केस पांढरे झाले, चष्मा आला. तोंडाची चव तीच राहिली. ठिपक्यांच्या त्या बांगड्या बाजारात यायच्या बंद झाल्या. पेटीत कधी कुणाला फडकं दिसलं आणि विचारलं, तर तो खेकसायचा, “विकायच्या न्हाईत.”

मग एका संक्रांतीला दाक्षायणीची ती भरल्या हाताची जाव समोर येऊन बसली. तिच्यासोबत एक तरणी मुलगी.

“चुडा भरायचाय,” मुलगी म्हणाली. “लगीन ठरलंय माझं. आनि लई दाबू नगा हां बळेगार, तुमची ख्याती ऐकलीया मी!”

तिप्पण्णाचे हात पेटीवरच थबकले. आवाज तोच होता, फक्त कोवळा.

“आई कुठाय तुझी?” त्यानं मान खाली ठेवूनच विचारलं.

“ती व्हय? ती काय तितं, फुटान्याच्या गाड्यापशी. चुड्याच्या टायमाला विधवेनं जवळ येऊ ने म्हनून...”

“बोलव तिला.”

“अवो, शुभकार्य हाय,” जाव कुजबुजली. “ती येत नसती.”

“पोरीच्या चुड्याला आई लागती,” तिप्पण्णा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्यानं खेकसला. “नसंल यायची तर दुसरीकडं जावा. मी भरत न्हाय!”

इतक्या कडू तोंडाच्या म्हाताऱ्याशी कोण भांडणार? मुलगीच उठली आणि आईला हाताला धरून घेऊन आली. दाक्षायणी सतरंजीच्या कडेला बसली. कडेला कशाला, जवळ बस, असं तिप्पण्णा म्हणाला, आणि ती जवळ सरकली. लेकीच्या कोपराखाली तिनं आपला हात धरला. तो हात आता सुरकुतला होता.

तिप्पण्णानं पेटीच्या तळातून फडकं काढलं. गर्द हिरव्या बांगड्या बघून दाक्षायणीचा श्वास अडकला तो त्याला ऐकू आला. माप बघायची गरज नव्हती. लेकीचा हात आईच्याच मापाचा झाला होता.

“ढिला सोड, पोरी,” तो म्हणाला. एवढ्या मऊ आवाजात त्याला कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. शेजारचा खेळणीवाला वळून बघायला लागला.

दोन्ही हात भरले. एका हाताच्या जुन्या, दुसऱ्याच्या नव्या, रंगाला रंग जुळवून. रिवाजाप्रमाणे मुलगी बळेगाराच्या पाया पडली. जावेनं पैसे पुढे केले, ते त्यानं फक्त नव्यांचे घेतले. फडक्यात एक बांगडी उरली होती. ती त्यानं उचलली आणि दाक्षायणीच्या तळहातावर ठेवली. तिनं मूठ मिटली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग ती उठली. गर्दीत शिरता शिरता तिचा आवाज आला, “आगं, ह्या तळ्यात मगरी हायत म्हनं, तुला म्हाईत हाय का?” आणि लेक हसली. मिटलेली मूठ दाक्षायणीनं पदराखाली धरली होती.

ती दिसेनाशी होईपर्यंत तिप्पण्णा मान वर करून बघत राहिला. समोर दुसऱ्या बाईनं हात पुढे केला होता आणि ती ताटकळली होती. त्यानं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला आणि मान खाली घातली.

“हात ढिला सोड, तंगी,” तो म्हणाला.