चार ऋतूंचे फोटो

थोआ आणखी दोन पावलं डावीकडे सरकली, खंदकाच्या कठड्याला पाठ लावली आणि फोन डोळ्यांसमोर धरला. फोनवरच्या फोटोत तिचा भाऊ विन्ह याच दगडाला टेकून उभा होता. बाह्या दुमडलेला निळा सदरा, मागे किल्ल्याची हिरवी छपरं. छपरं जमली. दगडावरची भेगही जमली. मग एका जपानी आजीबाईंना विनंती करून तिनं स्वतःचा फोटो काढून घेतला आणि आईला पाठवला.

हिरोशिमाच्या विद्यापीठात तिला दोन महिने झाले होते. वसतिगृहातल्या मुली विचारत होत्या, ओसाकाला एकटीच कशाला निघालीस? शनिवार-रविवार शहर बघून येते, एवढंच तिनं सांगितलं. भाऊ जवळपास तीन वर्षं या शहरात कामाला होता, आणि गेल्या फेब्रुवारीत तिथंच झोपेत गेला, हे सांगितलं नाही. व्हिएतनाममधल्या न्घे आनच्या घरी तेव्हा अस्थींचा पांढरा डबा आला होता आणि कारखान्याचं पत्र आलं होतं, हृदय बंद पडल्याचं.

आणि त्याच्या आधी चार फोटो आले होते. वसंतात किल्ला, उन्हाळ्यात बिनबाह्यांच्या बनियनमध्ये कालव्यावरचा पूल, शरदात स्वेटर घालून मोठा आकाशपाळणा, थंडीत जाड जाकीट घालून नदीचा काठ. आईनं ते मोठे करून पूर्वजांच्या पूजेच्या ओट्याशेजारी लावले होते. कुणी समाचाराला आलं की ती त्यांच्याकडे बोट करायची. "आयुष्य थोडं होतं. पण बघून गेला सगळं."

दिवस मावळेस्तोवर थोआनं चारही जागा शोधल्या. आकाशपाळण्यापाशी उभी असताना आईचा फोन आला.

"पोचले गं फोटो. काकूच्या तिएननंही बघितले. नाचतोय नुसता."

"त्याला काय झालं?"

"मंगळवारी नोकरीच्या करारावर त्याची सही आहे ना. तोही ओसाकालाच येतोय, विन्हच्याच कारखान्यात. काकू म्हणते, ओळखीची जागा बरी."

पाळण्याची एक लाल पेटी हळूहळू वर गेली आणि इमारतीआड झाली.

"त्या फोंगला भेटणार आहेस ना उद्या?" आईनं विचारलं. "आमचा नमस्कार सांग त्याला."

फोंग विन्हच्या खोलीत राहायचा. दोघं एकाच विमानानं आले होते, धातूला मुलामा देण्याच्या एकाच कारखान्यात लागले होते. रविवारी सकाळी तो स्टेशनच्या दारात उभा होता. इस्त्रीचा सदरा, ओले विंचरलेले केस. थोआला पाहून तो अर्धवट वाकला, मग आपण आपल्याच माणसापुढे जपानी पद्धतीनं वाकलो हे ध्यानात येऊन हसला.

"तू आमच्या विन्हची थोआ! चल, कुठं न्यायचं तुला? आज तू पाहुणी."

"तुला आवडतं तिथं ने, दादा."

तो ऐटीत पुढे निघाला. भुयारी वाटेनं दोन वळणं घेतली, एक जिना चढला, आणि दोघं होते त्याच दारात परत आले. तो पाट्यांकडे पाहू लागला. थोआनं पाट्या वाचल्या, पण बोलली नाही. लोकांचा एक घोळका चालला होता, त्याच्यामागोमाग तो चालू लागला. घोळका एका मोठ्या दुकानात शिरला.

"इथं सारखं खोदकाम चालू असतं," तो म्हणाला. "रस्ते बदलतात मेले."

"दादा, साडेतीन वर्षं झाली ना तुला इथं?"

"झाली की."

"वाचता येतं तुला?"

"येतं ना. 'धोका'. 'हात घालू नये'. 'पुन्हा करा'." तो हसला, ती हसली नाही. मग त्यानंही आवरलं.

शेवटी तिनंच त्याला नदीकाठी आणलं. जिंकोच्या झाडांची पिवळी पानं बाकावर पडली होती, ती झाडून दोघं बसली. तिनं दुकानातून घेतलेले भाताचे गोळे मध्ये ठेवले. त्यानं एक उचलला, वरचा कागद सोडवायला घेतला आणि मध्येच थांबला.

"मी इथं एकदाच आलोय," तो म्हणाला. "विन्हबरोबर."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी. एप्रिलमधला एक रविवार होता."

थोआनं फोन काढला. जाड जाकिटातला विन्ह त्याच्यापुढे धरला. "हा फोटो जानेवारीत आला होता, दादा."

"आला असेल. काढला त्याच दिवशी. चारही त्याच दिवशी." तो फोटोकडे बघत राहिला. "पिशवीत कपडे भरून आणले होते त्यानं. स्टेशनच्या संडासात जाऊन बदलायचा. हे जाकीट माझं. वर चेरीचा बहर होता नुसता, तो फोटोत यायला नको, म्हणून मला गुडघ्यावर बसवून काढायला लावला. घामानं निथळत होता गाढव, आणि वर म्हणतोय, 'चेहरा गारठलेला दिसतोय ना बघ!' मला हसू आवरेना. तीनदा काढावा लागला."

"पण असं कशाला?"

"म्हणाला, परत कधी सुट्टी मिळेल सांगता येत नाही. घरी दर ऋतूत एक पाठवू, म्हणजे आई निश्चिंत." फोंगनं तोंड पुसलं. "चांगला गेला तो दिवस. हे खोटं नाही. हसतोय ना तो, ते खरंच हसतोय."

समोरून एक पर्यटक बोट गेली. बोटीवरच्या माणसांनी सवयीनं हात हलवले.

"आणि शेवटचं?" थोआनं विचारलं. "झोपेत गेला म्हणून कळवलं होतं."

"झोपेतच." बराच वेळ तो कागदाची घडी घालत राहिला. "तेवीस दिवस लागोपाठ कामाची पाळी होती. सकाळी मी उठलो, तो उठला नाही. हाक मारणार होतो. म्हटलं, दहा मिनिटं झोपू दे. दहा मिनिटं, थोआ. मी दात घासून आलो, चहा केला..."

तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली.

दुपार कलल्यावर तिनं घरी फोन लावला. पडद्यावर आई आली, मागे चारही फोटो.

"आई, मला तुला एक सांगायचंय. विन्हदादाचे हे फोटो आहेत ना—"

"एकाच दिवसाचे आहेत," आई म्हणाली.

थोआनं फोन चेहऱ्याजवळ आणला.

"लहानपणापासून त्याचे केस मीच कापायचे. चारही फोटोत तेच केस, कानावर तीच बट. वर्षभरात माणसाचे केस वाढत नाहीत होय? दुसऱ्याच फोटोला कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तो एवढा खटाटोप करून मला सुखात ठेवत होता. मी कशी मोडू?" आईनं पदरासारखा गळ्यातला रुमाल ओढून डोळ्यांना लावला, आणि लगेच आवाज खाली आणला. "आता काकूला काय सांगू? म्हणेल, हिचा गेला म्हणून माझ्या पोराची वाट अडवते. सहा महिने बोलणं गळ्याशी येतं नि गिळते. माझ्या तोंडून नाही निघायचं, बाळा. तिएन इथंच आलाय. तू बोल."

पडदा हलला. छत दिसलं, मग तिएनचा एकोणीस वर्षांचा चेहरा.

"ताई! नदी का गं ती मागे? फोंगदादा आहे ना? दाखव की!"

थोआनं फोन वळवला. फोटोची सवय झालेला फोंग आपोआप ताठ झाला. त्यानं कॉलर नीट केली, हसला.

"दादा, मी येतोय! रविवारी कुठं कुठं भटकता तुम्ही? मलाही नेशील ना?"

फोंगचं हसू तसंच राहिलं. त्यानं थोआकडे पाहिलं, फोन परत घे म्हणून. तिनं घेतला नाही. तिनं तो त्याच्या हातात दिला आणि हात मागे घेतला.

"तिएन," तो म्हणाला, "यंदाचा हा माझा सहावा सुट्टीचा रविवार."

"म्हणजे?"

"बाकीचे कसे गेले ते सांगतो. तुझी आई आहे का जवळ? तिलाही बोलाव. आणि बसून ऐका."