वखारीवरून जाणारी रेघ

१९८५च्या फेब्रुवारीतला रविवार. मुलुंडच्या सरकारी वसाहतीत, दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत दशरथ परबांनी फरशीवर ट्रेसिंगचा मोठा कागद पसरला होता. कोपरे वळू नयेत म्हणून चारी बाजूंना वाट्या ठेवल्या होत्या. परब राज्याच्या रस्तेविभागात ड्राफ्ट्समन होते. पुढच्या वीस वर्षांत उपनगरांत कुठे कुठे रस्ते होणार, त्याचा आराखडा मंगळवारी मंत्रालयात जायचा होता. परबांसारखं सुबक अक्षर ऑफिसात कुणाचं नव्हतं. नावं लिहिण्यासाठी साहेबांनी एवढा एक कागद घरी न्यायची परवानगी दिली होती.

बाहेरच्या खोलीत मार्तंड राणे आणि त्यांचा मुलगा श्यामकांत पोहे खात बसले होते. पुढच्या रविवारी श्यामकांतचा आणि परबांच्या सुलक्षणाचा साखरपुडा ठरला होता.

"परब, आम्ही हुंडा घेत नाही हे मी चारचौघांत सांगतो," मार्तंडराव बाहेरूनच म्हणाले. "मुलगी आणि नारळ, बस्स. आपलं ते तेवढं आज उरकून टाका. आम्ही बसलोय."

चूक परबांचीच होती. पंधरवड्यापूर्वी मार्तंडराव पहिल्यांदा घरी आले, तेव्हाही हा कागद घरीच होता. आपलं काम कुणाला दाखवावं असे प्रसंग परबांच्या आयुष्यात फारसे आले नसावेत. त्यांनी हौसेने नकाशा उलगडला आणि बोट ठेवून म्हणाले, "ही पाहा तुमची लाकडाची वखार." मग त्यांच्याच लक्षात आलं, की नियोजित रस्त्याची रेघ वखारीच्या मधून जाते. मार्तंडरावांनी ती रेघ नीट पाहून घेतली. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला: रस्ता साठ फूट पूर्वेला सरकवा.

पूर्वेला बौद्धवस्ती होती. त्रेचाळीस घरं, एक विहार, एक बालवाडी. मोजणीची साखळी धरणारा ऑफिसातला भीमराज तिथेच राहायचा. "परबसाहेब," तो मोजताना हसत म्हणाला होता, "रस्ता दारापर्यंत आणा, दारातून आत नका आणू."

परबांची बायको मालनबाई दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, करून टाका. ह्या तिसरा स्थळ आसा. आता मोडला तर आपला चेडू लग्नाशिवाय घरातच रवतला. त्या लोकांका काय, सरकार दुसरी जागा देता."

परबांनी दाढीचं पातं घेतलं. काळी शाई पात्याने खरवडून काढायची, जागा नखाने घोटून गुळगुळीत करायची, मग नवी रेघ ओढायची. तीस वर्षं ते हेच करत आले होते. कागद धरायला नेहमी सुलक्षणा बसे. आजही बसली.

करकर आवाज होऊ लागला. दोन इंच रेघ गेली.

"बाबा, हे का खोडताय?"

परबांचा हात थांबला नाही, मानही वर झाली नाही. सुलक्षणाने पाहिलं: खोडलेली रेघ राण्यांच्या वखारीवरची होती, आणि नव्या रेघेची पेन्सिलखूण पूर्वेकडच्या बारीक बारीक चौकोनांवरून जात होती. एकेक घर वडिलांनीच काढलेलं. तिने त्यांचं मनगट धरलं, पातं काढून घेतलं आणि ते हातात घेऊनच ती बाहेर गेली.

"तुम्हाला हे माहीत होतं?" तिने श्यामकांतला विचारलं.

त्याने वडिलांकडे पाहिलं. "बाबांच्या बोलण्यात मी पडत नाही."

"लग्न तरी तुम्हीच करणार आहात ना? की तेही बाबाच?"

"सुलक्षणा, जीभ आवर," मार्तंडराव म्हणाले. "एक पैसा मागितलाय आम्ही? तिथं कोण राहतं ते तुझ्या बापाला विचार. ती माणसं इथून उठवली की तिथं बसतात. त्यांना सवय असते."

"पैसा मागितला असतात तर आमचा गेला असता. तुम्ही दुसऱ्यांची घरं मागताय. माझ्या नावावर."

"परब, पोरीला समजवा. नाहीतर आम्ही उठतो."

परब दारात येऊन उभे राहिले. त्यांचे ओठ हलले. मालनबाई त्यांच्याकडे पाहत होत्या, सुलक्षणा जमिनीकडे.

"उठा," परब म्हणाले. इतक्या हळू, की मार्तंडरावांना ते पुन्हा विचारावं लागलं. परबांनी पुन्हा सांगितलं.

ते गेल्यावर परब कागदापाशी बसले आणि त्यांनी जुन्या जागीच रेघ ओढली. खरवडलेल्या जागी शाई पसरली. रेघ तिथे जाड झाली, कडेला केसाळ. असा कागद मंत्रालयात कुणी नजरेआड करणार नव्हतं.

"उद्या साहेब विचारतील," ते म्हणाले. "नोकरीची चार वर्षं उरलीयत."

"विचारतील तेव्हा सांगा. मुलीच्या लग्नात काय मागितलं, ते सगळं सांगा. नावानिशी."

"आणि मी पातं लावलं, तेही?"

सुलक्षणाने हातातलं पातं खाली ठेवलं. मालनबाई केव्हापासून भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, नवऱ्याशेजारी खाली बसल्या.

"तां पण सांगा," त्या म्हणाल्या. "आणि त्या लोकांबद्दल मी काय बोललंय, तां पण."