आब्दोनच्या ओढ्यावरचा रहाट

मी एक जुना रहाट आहे. विहिरीवरचा रहाट पाणी वर काढतो, माझं उलटं आहे. ओढ्यातून आणलेल्या पाटाचं पाणी पन्हळीतून माझ्या पात्यांवर पडतं, त्याच्या भाराने मी फिरतो, आणि पट्ट्याने मला जोडलेला ट्रकचा जुना डायनमो वीज करतो आणि घरातली बॅटरी भरतो. मित्रांनो, तुम्हाला वाटेल किती मजेचं आयुष्य! मजाही होती, नाही म्हणत नाही. पण आज जे सांगणार आहे ते आठवलं की अजून माझी पाती थरथरतात.

मला आब्दोन वारकायाने घडवलं. वीस वर्षं खाणीत दगड फोडून तो डोंगरात घरी परतला, ते छातीत खाणीची धूळ घेऊनच. परसातली निलगिरी तोडून त्याने माझी बारा पाती केली. पहिला दिवा लागला तेव्हा सगळी वाडी दारात जमली. त्याचा शेजारी मेलितोन म्हणाला, "कोम्पाद्रे, घरात उजेड पडला. आता डोक्यातही पडू दे!" आब्दोनच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी याच मेलितोनने हातावर धरलं होतं, म्हणून दोघे एकमेकांचे कोम्पाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वर.

दिवा, रेडिओ, वाडीभरच्या लोकांचे मोबाइल, सगळं मी चालवलं. आब्दोन दर महिन्याला माझ्या आसाला तेल घालायचा. पुढे तेल घालायला त्याची बायको ओतिलिया येऊ लागली. घरापासून माझ्यापर्यंतची वीस पावलं चालली तरी आब्दोनला धाप लागत होती. मग एक दिवस शहरातल्या दवाखान्यातून खोक्याएवढं यंत्र आलं. ते हवेतून प्राणवायू गाळायचं आणि एका नळीने आब्दोनच्या नाकात सोडायचं. तेव्हापासून मी दिवा लावत नव्हतो, माणूस जगवत होतो.

यंत्र आतल्या खोलीत ठेवून ही गोष्ट आब्दोनने साऱ्या गावापासून लपवली. का, ते ऐका. पेरणीआधी दरवर्षी सारं गाव फावडी घेऊन पाट साफ करायला येतं. पाण्याच्या पाळ्या बघणारा पाटकरी यादी वाचतो, ज्याने त्याने "हजर" म्हणायचं आणि आपल्या वाट्याचा गाळ उपसायचा. लागोपाठ तीन वर्षं जो गैरहजर, त्याचं नाव यादीतून जातं आणि त्याच्या शेताचं पाणी तुटतं. आब्दोन दोन वर्षं गेला नव्हता. दोन्ही वेळा त्याने मक्याच्या चिचा दारूचा घडा आणि एक निरोप पाठवला, पाय मुरगळलाय. मुरगळलेला पाय बरा होतो, गेलेली छाती नाही; ते कळलं तर नाव कापतील, ही त्याला धास्ती. लोक हसायचे. "याचा पाय आहे की जत्रा? दरवर्षी नेमाने भरते!" घरात आब्दोन नळी नाकात ठेवून ते हसणं ऐकायचा.

त्या साली पाऊस लांबला आणि पाट करंगळीएवढा झाला. गावाने ठरवलं, ज्याची पाळी त्याने पाटाच्या वरच्या, फळ्या लावून पाणी अडवायच्या दारातून सगळं पाणी आपल्या मक्याला तोडून न्यायचं. पहिली पाळी मेलितोनची लागली, दुपारपासून अंधार पडेपर्यंत.

"त्याला सांगते मी," ओतिलिया म्हणाली.

"खबरदार! एक दुपार बॅटरीवर निघेल. तुला क्रुसाची शपथ आहे."

बॅटरी म्हातारी झाली होती, हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पण रहाटाला कोण विचारतो?

दुपारी पन्हळ कोरडी पडली आणि मी थांबलो. फिरत असताना मला माझ्या कुरकुरीत लांबचं काही ऐकू येत नाही. थांबलो की सगळं ऐकू येतं. घरातलं यंत्र अर्धा तास घुमलं, मग तेही गप्प झालं. मग आब्दोनचा श्वास ऐकू येऊ लागला. ओल्या लाकडावर करवत अडकावी तसा.

ओतिलिया वरच्या दाराकडे धावली. "कोम्पाद्रे, अर्धं पाणी खाली सोडा ना."

"कशाला? रेडिओला?" मेलितोन फावड्यावर रेलून हसला. "कोमाद्रे, एक दिवस गाणी नाही ऐकली तर कान गळून पडत नाहीत. माझा मका बघा, कसा माना टाकून बसलाय."

ती काही न बोलता परत आली. मित्रांनो, तेव्हा मला तिचा राग आला. बोल ना, बाई! पण शपथ मोडणं तिच्या घरात ठाऊकच नव्हतं. आत गेली, आणि नवऱ्याचे निळे पडलेले ओठ पाहून तशीच उलट धावली.

"रेडिओ नाही हो! तो त्या विजेवर श्वास घेतो! दोन वर्षं झाली. पाय नाही मुरगळला, छाती गेलीय त्याची!"

मेलितोनने फावडं टाकलं. दाराच्या फळ्या हातांनीच उपटल्या आणि पाण्याबरोबरच तो खाली धावत आला. माझा आस कोरडा पडून अडखळला होता. त्याने खांदा लावून मला रेटलं. मी फिरलो. आयुष्यात इतक्या जिवाच्या आकांताने मी कधी फिरलो नव्हतो.

बऱ्याच वेळाने आब्दोनच्या तोंडून शब्द फुटला. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"आता नाव जाईल."

"जाऊ दे! यादीशी लग्न नाही लावलं मी."

मेलितोन दारातच बसला होता. "पोर माझ्या हातावर दिलीस," तो म्हणाला, "आणि एवढं सांगायला तुझी जीभ झडली होती? माझ्या हाताने मारत होतो रे मी तुला." एवढा दांडगा माणूस, पण हमसून हमसून रडला. पाणी न मिळाल्याने त्याचा खालच्या शेतातला मका त्या वर्षी जळाला.

पुढच्या वर्षी पाट साफ करायला गाव माझ्याजवळच जमलं. पाटकऱ्याने यादी काढली. "आब्दोन वारकाया!"

हे तिसरं वर्ष होतं. दारात नळी लावून बसलेल्या आब्दोनला तिथवर पोचेल असा आवाज उरला नव्हता. कोणी हसलं नाही.

"हजर!" मेलितोन पाटातून ओरडला.

"तुझं नाव अजून घेतलं नाही."

"माहीत आहे. हे त्याचं फावडं. माझं नाव आलं की माझं उचलेन."

पाटकऱ्याने एकदा दाराकडे पाहिलं आणि नावापुढे खूण केली. मेलितोनने संध्याकाळपर्यंत दोघांचा गाळ उपसला.

आब्दोनची छाती बरी झालेली नाही, होणारही नाही. ओढा दरवर्षी बारीक होतो आहे आणि माझी तीन पाती कुजली आहेत. काळजी संपलेली नाही. म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. नेहमी दिसणारा माणूस दिसेनासा झाला, तर त्याची थट्टा करण्याआधी त्याच्या दारात जाऊन या. मला महिन्यातून एकदा तेल मिळालं तरी पुरतं. माणसाची विचारपूस मात्र इतक्या दिवसांवर टाकू नका.