दक्षिण सुरू होते ती ओसरी

दक्षिण भारत नेमका कुठे सुरू होतो, हा फार गहन प्रश्न आहे. कुणी विंध्य दाखवतं, कुणी नर्मदा, कुणी थेट कृष्णा. देगलूर तालुक्यात तो गेल्या वैशाखात, एका मंगळवारी दुपारी, पार्वतीबाईंच्या ओसरीवर सुरू झाला.

"शिल्पा माझ्या हक्काची हाय, अक्का," शरणप्पा म्हणाला.

पार्वतीबाई अंगणवाडी सेविका. चोवीस वर्षं पोरांची वजनं केली. त्यापलीकडे त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. शरणप्पा त्यांचा धाकटा भाऊ, राहणारा औरादकडचा, म्हणजे कर्नाटकातला. वय बत्तीस. तिकडे मामाने भाची करायची रीत. आणि शिल्पा ही पार्वतीबाईंची एकुलती एक मुलगी, लातुरात नर्स. सकाळीच तिचा फोन येऊन गेला होता : "आई, तू हो म्हणलीस तर मी गावात पाय ठेवणार न्हाई."

"ह्यिकडं तसं चालत न्हाई रे," पार्वतीबाई म्हणाल्या. "लग्नात मामा नवरीच्या पाठीशी उभा ऱ्हातो. पाटावर न्हाई."

"ह्यिकडं म्हंजे कुठून? भाकर तीच, मठातले स्वामी तेच. उगादी म्हण का पाडवा, लिंबाचा पाला तूबी खातीस. मग भाचीपाशीच कसा काय महाराष्ट्र सुरू होतो?"

पार्वतीबाईंनी मदतीसाठी नवऱ्याकडे पाहिलं. संगमेश्वर गावातले पंप दुरुस्त करतात, तितक्याच मन लावून चष्मा पुसत होते. ते बोलले, आणि बोलले नसते तर बरं झालं असतं.

"आमच्या आजीचं लग्न मामासंगंच झालतं."

"बघ!" शरणप्पाने मांडीवर थाप मारली.

"तवा निजाम होता!" पार्वतीबाई नवऱ्यावर कडाडल्या. "तवा कुठं हद्द होती?"

तेवढ्यात रस्त्याने सुदर्शन गुरुजी चालले होते. तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस आयता सापडला, म्हणून त्यांना वर बोलावून विचारलं, आपलं गाव दक्षिणेत धरायचं की नाही. गुरुजी आधी पाणी प्यायले.

"नर्मदेखालचं सगळं दक्षिण. म्हंजे आपण दक्षिणेतच."

शरणप्पाने मान डोलावली.

"पण माझा पोरगा बंगळूरला हाय. तिथं त्याला नॉर्थ इंडियन म्हणतेत."

आता पार्वतीबाईंनी डोलावली.

"आन् पुण्यात गेला की इचारतेत, तुम्ही तेलुगू का?"

यावर कोणी मान डोलवायची हे न कळल्यामुळे सगळ्यांनी चहा घेतला. गुरुजी म्हणाले, "विषय मोठा हाय," आणि पिशवी उचलून निघून गेले.

"भूगोल ऱ्हाऊ दे, अक्का," शरणप्पा म्हणाला. "हो की न्हाई, तुझ्या तोंडानं सांग. नुसतं ह्यिकडं-त्यिकडं करायलीस मघापासून."

हा भाऊ पार्वतीबाईंनी कडेवर वाढवलेला. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा तो गाडीमागे वेशीपर्यंत रडत धावला होता. माहेरात आता त्याच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. एवढा वेळ दोघं कानडी-मराठी मिसळून बोलत होते. पार्वतीबाईंनी पदर सावरला आणि निव्वळ मराठीत, सरकारी बैठकीत बोलतात तशा म्हणाल्या,

"मी इकडची आहे, शरणप्पा. शिल्पा तुला देणार नाही."

संगमेश्वर दचकले. बायको इतकं शुद्ध बोलते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शरणप्पा उठला. पाया पडला. "येतो, ताई," म्हणाला. कानडी अक्का सोडून ताई तो त्यांना आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला.

पार्वतीबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

आठव्या दिवशी शरणप्पाच्या लग्नाची पत्रिका आली. नवरी बीदरची. बोलणी दिवाळीतच झाली होती. पण लग्नाची भाची असताना तिच्या आईने तोंडाने नकार दिल्याशिवाय तिकडे दुसऱ्या मुलीची सुपारी फोडत नाहीत.