अडीच थेंब

“मग ती टेस्ट काढूनच टाका ना, ताई!” साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. “एका टेस्टपायी सगळं अडलंय. संध्याकाळपर्यंत मला स्क्रीन हिरवी दिसली पाहिजे.”

इस्पितळाचा औषधांचा प्रोग्राम संगणकाच्या ज्या भाषेत लिहिला होता, तिची जुनी आवृत्ती आता बंद होणार होती. नवी चढवली आणि कालपर्यंत बिनबोभाट चाललेलं सगळं कोलमडलं. प्रोग्रामचा हिशेब बरोबर येतो का ते तपासणारी एकेक टेस्ट ताई निस्तरत आली होती; सगळ्या पास झाल्या, की स्क्रीन हिरवी व्हायची. शेवटची मात्र हटून बसली होती. तान्ह्या बाळाच्या फिटच्या औषधाचा हिशेब अडीच थेंब आला, की जुनी भाषा त्याचे तीन करायची. नवी दोन करत होती. टेस्टला तीनच हवे होते.

“तीन मुद्दाम ठरवलेत, की जुनी भाषा तसं करायची म्हणून आपले लिहिलेत, हे कळल्याशिवाय कशी काढू?”

“मग ज्यानं लिहिलीय त्याला विचारा!” म्हणून गेले साहेब, आणि त्यांनी जीभ चावली.

लिहिली होती मास्तरांनी. ताईला या धंद्यात बोट धरून चालवलं ते त्यांनीच. स्मृती ढासळायला लागली तसे ते घरीच बसले होते.

दुपारी ती त्यांच्याकडे गेली. “ओळखतील असं नाही हं,” काकूंनी दारातच सांगितलं. एरवी ‘पोरी’ म्हणणारे मास्तर खिडकीतून वळले आणि म्हणाले, “या, बसा.”

तिनं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. बराच वेळ त्यांचं बोट ओळींवरून फिरत राहिलं.

“कोणी लिहिलंय हे?”

“तुम्हीच, मास्तर.”

“काहीतरीच काय!” ते हसले. मग पुन्हा वाकून पाहू लागले. “पण बाई, माणूस काळजीनं लिहिणारा आहे. नुसतं उरकायचं असतं, तर दोन घेतले असते, चार घेतले असते. यानं नेमके अडीच घेतलेत. घोळ होईल तिथंच बोट ठेवलंय. पुसू नका हे.”

जिन्यात थांबून तिनं डोळे कोरडे केले आणि मुलांच्या वॉर्डात फोन लावला.

“तीनच,” नर्स म्हणाली. “दोनानं फिट आवरत नाही. त्यासाठी मास्तर आमच्या डॉक्टरांपाशी ठाण मांडून बसले होते की!”

ऑफिसात परतून ताईनं अर्ध्या थेंबाला वरचा आकडा धरायचा हा नियम भाषेच्या भरवशावर न सोडता स्वतः लिहून काढला. स्क्रीन हिरवी झाली. “सुटलो बुवा,” म्हणत साहेब पुढच्या मीटिंगला गेले.

निघताना तिनं काकूंना फोन केला. “काम झालं म्हणून सांगा मास्तरांना.”

काकू जरा घुटमळल्या. “तू गेल्यापासून एकच घोशा लावलाय गं. ते ज्यानं लिहिलं, त्याला एकदा जेवायला घेऊन या म्हणतात.”

“बरं,” ताई म्हणाली. “विचारते त्यांना.”